पासिंगचे टायर

माझ्या थोरल्या भावाचा तीनचाकी टेम्पो होता. कोलशेतच्या एका कारखान्यात तो माल पोचवायचा. नव्वद सालाच्या आसपास कारखान्याने फतवा काढला, की ज्या गाडीचं पासिंग झालेलं नाही तिला गेटच्या आत प्रवेश नाही. दादाच्या पासिंगची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आणि दादाचं घर त्या एका गेटवर चालत होतं.

पासिंगला आरटीओचे साहेब ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर असं सगळं तपासतात. नियम काही वाईट नव्हते. आम्ही मात्र त्यांना मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसारखं वागवायचो. आमच्या टेम्पो स्टँडवर धड असे दोनच टायर होते. ज्याचं पासिंग, त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांना ते लागायचे. एरवी सगळे गुळगुळीत गोटा झालेल्या टायरांवर घोडबंदर रोडला पळायचे.

ह्या वेळी घोळ असा, की दादा आणि कोळीवाड्यातला त्याचा मित्र, दोघांना एकच तारीख आली.

"तारीख बदलून घे ना," मी म्हणालो.

"तुझ्या ऑफिसात बदलून देतात का रे?"

मी कारकून. अर्ज इंग्रजीत भरता येतो म्हणून मला दर वर्षी रजा टाकून जावं लागायचं.

मित्राचा टेम्पो रांगेत आमच्या पुढे होता. त्याचा पास झाला. साहेबांनी टायरवर खडूने बरोबरची खूण केली. लगेच दोन्ही टेम्पो झाडामागे गेले आणि चाकांची अदलाबदल सुरू झाली. इस्त्रीच्या पँटीत मी जॅक मारत होतो.

"दादूस, हात चालव, साहेब येल!" मित्र ओरडला.

चाकं लागली. मी फडक्याने पुसायला घेतली, तर दादा म्हणाला, "खूण असू दे. साहेबांचं काम कमी."

बी.कॉम. झालेल्या मला ते पटलं, हे विशेष.

साहेब आले. टायरशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मी बघायच्या आधीच पास? कोणी केला? तुम्ही?" बोट माझ्याकडे होतं.

"मी सोबत आलोय फक्त," मी म्हणालो.

"तो मघाचा टेम्पो बोलवा. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करा. ऑफिस सुटायच्या आत ज्याला स्वतःचे टायर असतील तो पास. नाहीतर पुढची तारीख."

पुढची तारीख म्हणजे दादाचं काम दुसऱ्या टेम्पोला. दादाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "घरी जा. माळ्यावर गोणपाटात दोन टायर आहेत. नवे."

"नवे? तुझे?"

"गेल्या दिवाळीत घेतलेत. वापरून खराब कशाला करायचे?"

रिक्षा करून घरी गेलो. वहिनीने न विचारताच शिडी लावली. "भावोजी, ते टायर माझ्या डोक्यावर झोपतात आणि हे गोट्यांवर फिरतात," ती म्हणाली. टायर घेऊन परत आलो, पंक्चरवाल्याने ते डिस्कवर चढवले, आणि ऑफिस सुटता सुटता टेम्पो पास झाला. उधारीचे दोन टायर मित्राला परत गेले आणि त्याचाही पास टिकला.

संध्याकाळी घरासमोर दादाने पुन्हा जॅक काढला.

"आता काय?" मी विचारलं.

"काढून वर ठेवतो. कागद मिळाला ना!"

वहिनी बाहेर आली, पदर खोचला आणि सरळ केबिनमध्ये चढून बसली.

"अगं, उतर."

"नाही उतरत. साहेब वर्षातनं एकदा एक चक्कर मारतात, त्यांच्यासाठी नवे. तुम्ही रोज मारता, तुमच्यासाठी गोटे?"

"लोक बघतायत."

"बघू देत. काढा टायर, माझ्यासकट उचला गाडी."

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू समजाव रे हिला, शिकलेला आहेस." मी जॅक उचलला आणि घरात नेऊन ठेवला. मग वहिनी उतरली.

सकाळी दादा नव्या टायरांवर कारखान्याच्या गेटातून आत गेला. प्रत्येक खड्ड्याला इतका जपत, इतका हळू, की मागचा ट्रकवाला शिव्या घालून दमला.