गेटवर न वाचलेली नोंद

हर्षदाचा मला आधी फार राग यायचा. कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात मी एकवीस वर्षं टाइम ऑफिसला आहे. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला हजेरी घेता घेता कळतं. आणि ही पोरगी शेजारच्या टेबलावर बसून दोन वर्षांत स्वतःबद्दल धड दोन वाक्यं बोलली नव्हती. ती कवठे येमाईची, वडील भिमा पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे आणि आता कांदा करतात, हेसुद्धा वडील एकदा पिशवीभर कांदे घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडून कळलं. घरातली पहिली इंजिनिअर. दौंडला खोली घेऊन राहते आणि कारखान्याची सगळी सॉफ्टवेअरं एकटी सांभाळते.

गेल्या वर्षी गेटवर टॅब बसवायचं ठरलं. कामगारानं कार्ड लावलं की नाव, खातं, रक्तगट आणि डॉक्टरांचा 'कामास योग्य' हा शेरा दिसायचा, एवढंच. हर्षदानं ते जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की कामगाराच्या माहितीचा एक साचा लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर एक खूण करायची. मग प्रत्येक रकान्यातली माहिती बाहेर देणारा कोड आपोआप तयार होतो आणि ती जेसन नावाच्या मजकुरातून टॅबकडं जाते.

"म्हंजी फुकटात काम," मी म्हणालो.

चालू करायच्या दोन दिवस आधी डॉक्टर मॅडमनी अजून एक रकाना मागितला, चालू औषधांचा. हर्षदानं तो घातला, मॅडमच्या वहीतल्या नोंदी त्यात भरल्या. त्या रकान्याचा कोडही आपोआप तयार झाला. म्हणजे ती माहितीही गेटवरच्या टॅबवर दिसणार, हे तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या शिफ्टची रांग लागली. गेटवर वॉचमन बाळासो मामा. रांगेतल्या निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून समोर येईल ते मोठ्यानं वाचायची मामांची जुनी सवय, आणि आवाज असा की हायवेवर ऐकू जावा. शेजारी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस यादीवर टिक करायला उभा. हर्षदानं चाचणी म्हणून पहिलं स्वतःचं कार्ड लावलं.

"हर्षदा, ऑफिस, ओ पॉझिटिव्ह, कामास योग्य," मामा थांबले, डोळे बारीक करून पुढं वाचू लागले, "औषधं, रक्तवाढीच्या गोळ्या!"

रांग हसली. मीही हसलो. हर्षदा हसली नाही. तिनं मागं वळून रांगेकडं एकदा पाहिलं आणि मामांच्या पुढचा टॅब उचलून बंद केला.

"मशीन बंद हाय. कागदावर घ्या, मामा."

कागदावर घेता घेता शिफ्टला पाऊण तास उशीर झाला. साहेब भडकले. सगळ्यांत जास्त मीच ओरडलो, तेही चारचौघांत. दोन वर्षांचा राग होता, काढून घेतला. ती एवढंच म्हणाली, "चूक माझी हाय. लेखी देते." आणि दिलं. त्या चिठ्ठीपायी तिची बढती राहिली.

त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. आधी तिनं त्या रकान्यावर 'जेसनमध्ये धरू नको' अशी खूण केली. टॅबवरचं औषध गेलं, पण दुपारी मॅडमचा फोन आला, की नव्या नोंदी साठतच नाहीत. त्या खुणेनं बाहेर जाणाऱ्या माहितीबरोबर आत येणारीही अडवली होती. मग तिनं ती काढून दुसरी खूण लावली. डॉक्टरांनी लिहिलेलं आत येऊ दे, बाहेर मात्र जाऊ देऊ नको. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं.

"रांगेत कुणाचं काय होतं गं?" चहाला मी विचारलंच.

"आप्पा, एकाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू हायेत. मॅडमनी तपासून कामास योग्य लिहिलंय. पण ठेकेदाराला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नाव कमी केलं असतं."

"कोण?"

"चहा प्या, गार होतोय."

मला तिचा पुन्हा राग आला. एवढे दिवस शेजारी बसतो, आणि माझ्यावर विश्वास नाही? त्या रागात गेटबाहेरच्या टपरीवर मी अर्धं बोलून बसलो, की कुणीतरी असल्या गोळ्या घेतं म्हणे.

चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतः टाइम ऑफिसात आला. खुर्ची ओढून बसला, पानाचा डबा पुढं केला.

"आप्पा, तुम्हाला सगळी खबर असती. कोण हाय तो गोळ्यावाला? नाव तेवढं सांगा."

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. माझ्या तोंडावर खोटं लपत नाही, हे त्यालाही माहीत आहे. उठून गेला.

हर्षदा शेजारीच होती, स्क्रीनवरून नजर न हलवता टाइप करत होती. नाव कळलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. ते तिनं ओळखलं होतं, याची मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

तो माणूस कोण, मला अजून ठाऊक नाही. रोज सकाळी हजेरीला तो माझ्यासमोरून कामावर जातो, एवढं नक्की.