फुटके पूर्णालू

माझ्या पुरणाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. एकदा ते छताला चिकटलं होतं, पण छताचीही काही तक्रार नव्हती.

आमची सून श्रावणी निजामाबादकडची, तेलुगू. मुलगा हैदराबादला नोकरीला, तिथंच दोघांचं जमलं. तिला दिवस गेले तेव्हा तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. माहेरी जायचं तर कुणाच्या कुशीत? म्हणून सातव्या महिन्यात पोरगी कुरुंद्याला आमच्याकडे आली. वाढलं ते खायची, काही विचारलं की "छान आहे, अत्तम्मा" म्हणायची. (तेलुगूत सासूला अत्तम्मा म्हणतात. मला ते फार आवडलं, पण तसं दाखवलं नाही. सासू होते ना!) डोहाळे विचारले तरी काही मागेना. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचा कान फुटतो, हे शेजारच्या गयाबाईनं मला इतक्यांदा ऐकवलं की माझ्याच कानात कळ यायला लागली.

शेवटी एका दुपारी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पूर्णालू. अम्मा करायची." एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पूर्णालू म्हणजे पुरणाचा गोळा पिठात बुडवून तळायचा. एवढं कळलं आणि मी पदर खोचला. गावात कुठंही लग्नकार्य असो, पुरणाची चव बघायला मला बोलावणं येतं. श्रावणी सांगू बघत होती की अत्तम्मा, वरचं पीठ असं असं असतं. मी म्हटलं, "तू पड गं लेकरा. पुरणाचं मला न्हाई शिकवायचं."

आता पिठात बुडवून तळायचं म्हणजे भजी, आणि भज्याचं पीठ म्हणजे बेसन. इथवर कुणाचंही डोकं असंच चालेल. पुढे मात्र डोकं थांबलं आणि हात चालत राहिला. आमच्याकडे हळद शेतात, अंगणात, नखांत, सगळीकडे. ती पिठात गेली, मागोमाग ओवा गेला, आणि सवयीनं चिमूटभर तिखटही गेलं. (माझी चिमूट शेतातल्या गड्यांच्या कालवणाच्या अंदाजाची आहे.) यांनी एक घास खाल्ला आणि चहा टाकायला सांगितलं. श्रावणीनं दोन खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "छान आहे, अत्तम्मा." त्या 'छान'नं माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून तिला विचारलं. तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून वाटायची होती. वाटली. पुरण मात्र मी माझंच केलं, पोळीत भरतो तसं मऊसूत. पूर्णालूचं पुरण घट्ट लागतं का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

पहिला गोळा तेलात गेला आणि फुस्स झाला. दुसरा फट् करून फुटला. तिसऱ्यातून पुरणाची जी पिचकारी उडाली ती थेट छतावर! हे त्याच वेळी मुलाला व्हिडिओ कॉलवर आईचा सैपाक दाखवायला कढईजवळ आले होते. चौथ्या गोळ्यानं त्यांचा इस्त्रीचा सदरा धरला.

"काहून उभे राहून राहिलात तिथं?" मी ओरडले.

"बाबा, कायचा आवाज येऊन राहिला?" फोनमधून मुलगा.

"तुझी माय फटाके तळून राहिली," हे शांतपणे म्हणाले.

मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसले. आई नसलेल्या पोरीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मला जमली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात श्रावणी कमरेवर हात ठेवून आत आली. तिनं झारा घेतला, कढईतले फुटके, कडा करपलेले पुरणाचे तुकडे ताटलीत काढले आणि उभ्या उभ्या खायला लागली. खाता खाता डोळे वाहायला लागले.

"टाक ते, लेकरा. जळालं सगळं."

"अम्माचे पण असेच फुटायचे," ती म्हणाली. "नेहमी. नान्ना, माझे बाबा, हसायचे, आणि ती झारा घेऊन त्यांच्या मागे धावायची. हीच चव, अत्तम्मा."

मग आम्ही दोघी कढईपाशी मनसोक्त रडलो. तिची अम्मा मी कधी पाहिलेली नव्हती, तरी त्या दिवशी मला तिची फार आठवण आली.

नात आता चार वर्षांची आहे. कान इतके तिखट की दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी धावत येते. पण ती तिकडे, हैदराबादला. इथं आम्ही दोघं, आणि छतावरचा तो डाग. रंग देताना मी तो पुसू दिला नाही. सुट्टीत सगळे येतात तेव्हा श्रावणीची एकच फर्माईश असते, आणि माझं नशीब असं की एवढ्या वर्षांत माझा हात बसला. आता पूर्णालू फुटतच नाहीत. गोल, गुळगुळीत, सोनेरी! श्रावणी एक खाते आणि म्हणते, "छान आहे, अत्तम्मा." ते 'छान' मी ओळखते.

येत्या शनिवारी ते येणार आहेत, म्हणून आठवडाभर माझा सराव सुरू आहे. पुरण सैल ठेवते, पीठ पातळ करते, काडीनं भोकंसुद्धा पाडते. मेले फुगतात, पण फुटत नाहीत. आज सकाळी मात्र एक फुटला आणि मी एवढ्यानं ओरडले की गयाबाई धावत आली. जन्मभर गावात सुगरण म्हणून मिरवलेली बाई मी. माझा पदार्थ बिघडला म्हणून तिच्या हातावर साखर ठेवली.