जास्तीची भाकरी

मी गाव सोडलं त्या सकाळी आई फाट्यापर्यंत आली नाही. चुलीपुढून उठलीच नाही. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाली. मला पोचवायला आला तो आमचा कुत्रा, मोत्या. एसटी सुटल्यावर ओढ्यापर्यंत मागं धावला. आयटीआयचं सर्टिफिकेट पिशवीत घालून मी लातूरकडून चाकणला निघाले होते आणि निरोपाला फक्त कुत्रा. आईवरचा तो राग मी पुढे पंधरा वर्षं जपून ठेवला.

आता चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, राहते पिंपळे गुरवला. दोन वर्षांपूर्वी घरात सोनू आला, लॅब्राडोरचं पिल्लू. अंध माणसांना वाट दाखवायला कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. शिकायला जाण्याआधी पिल्लांना वर्षभर घर लागतं, ते मी दिलं. शिफ्ट सांभाळून त्याला जिने, बसस्टॉप, भाजीबाजार दाखवायचा. खालच्या गॅरेजवाल्या शब्बीरभाईंचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तो माझ्या ओढणीत शिरायचा. महिन्याभरात त्याच कॉम्प्रेसरशेजारी घोरायला लागला. नियम एकच कडक होता: खाणं मापाचं आणि त्याच्याच भांड्यातलं. वाटेतल्या वडापावाकडे कुत्रा वळला, तर मागचा माणूस सरळ रिक्षासमोर.

दहाव्या महिन्यात आई राहायला आली. तव्यावरची शेवटची लहान भाकरी कुत्र्याची, हा तिचा जन्माचा नेम. मी कामावर गेले की सोनूची चंगळ. संस्थेच्या मॅडम तपासायला आल्या, त्यांनी मुद्दाम बिस्कीट खाली टाकलं आणि आमच्या सोनूसाहेबांनी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळलं.

"महिन्याभरात ही सवय सुटली नाही, तर याला पुढे घेता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी आईवर चिडले. ती खालमानेनं म्हणाली, "मला ते उपाशी लेकरू दिसलं बाई."

दुसऱ्या दिवसापासून तिनंच शाळा भरवली. फरशीवर भाकरी ठेवायची आणि बोट दाखवून म्हणायचं, "न्हाई." पहिला आठवडा भाकरी गेली. दुसऱ्या आठवड्यात भाकरी राहिली, पण फरशी लाळेनं ओली. महिन्यानं मॅडमनी पुन्हा बिस्कीट टाकलं. सोनूनं बिस्किटाकडे पाहिलं, मग आईकडे. आई पंख्याकडे बघत बसलेली. सोनू बिस्कीट ओलांडून मॅडमच्या मागे चालू लागला. कंपनीत मी रोज ढिगानं पार्ट पास करते, पण टाळ्या त्या दिवशीच वाजवल्या.

वर्ष भरलं, गाडी न्यायला आली. आई याही वेळी खाली उतरली नाही. सोनू शेपटी हलवत गाडीत चढला आणि त्यानं वळूनही पाहिलं नाही. वर आले तर आई भाकऱ्या थापत होती. मी सवयीनं सोनूचं खाणं मापून भांड्यात ओतलं आणि तशीच उभी राहिले.

"मीबी असंच केलं," आई म्हणाली. "तू गेलीस तवा चार-सा महिने तुझी भाकरी व्हायचीच. हाताला कळायचंच न्हाई. खाऊन खाऊन मोत्या नुसता फुगला हुता."

मला आधी हसू आलं, मग रडू. पंधरा वर्षांचा राग तिथंच संपला.

सोनू पास झाला. आता तो एका बाईंना रोज त्यांच्या शाळेत नेतो, त्या तिथं शिकवतात. संस्थेनं दोघांचा फोटो पाठवला, तो आईनं अख्ख्या गावाला दाखवलाय. माझ्यासारखे घर सोडून आलेले तुम्ही, आईला एकदा विचारा, तुमची भाकरी किती दिवस होत होती.

रविवारी नवं पिल्लू येतंय. त्याला नवं भांडं आणलंय. सोनूचं आहे तिथंच आहे.