गुरुजींनी पुरवलेली कॉपी

इंझोरीच्या शाळेत गुरुजींनी एका अनुस्वारापायी माझा अर्धा गुण कापला होता. डॉक्टर झाले तरी त्याचा राग माझ्या मनातून गेला नव्हता. स्वतःच्या मुलालाही त्यांनी एका गुणासाठी नापास करून पुन्हा त्याच वर्गात बसवलं होतं. "गुण मागून भेटत नसतात," म्हणायचे.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास मी नागपूरच्या एका दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते. तिथे हेच गुरुजी रक्ताचा कर्करोग घेऊन आले, तोही जहाल. अशा प्रौढ रुग्णांना औषधांची जुनी जोडी चांगली की नवी, हे आमचे वरिष्ठ ताडून पाहत होते. कोणाला कुठली द्यायची, ते चिठ्ठीवर ठरे. गुरुजींना नवी आली. औषधाचा त्रास रोज विचारून लिहिणं माझं काम.

उलटी? "नाही." पोट? "घंटेवर साफ." बोटांना मुंग्या? "छ्या! काहीच नाही, पोरी." इतका ठणठणीत कर्करोगी मी पुन्हा पाहिला नाही.

एका सकाळी शेजारच्या खाटेवरचे मंगरूळपीरचे चाचा गुरुजींच्या सदऱ्याच्या गुंड्या लावताना दिसले. "डॉक्टरीनबाई, रोज मीच लावून देतो. त्याइच्या बोटाईत जीव कुठं राह्यला?"

मी गुरुजींवर पहिल्यांदाच उघड चिडले. "कायले लपवलं, गुरुजी? डोस कमी केला असता!"

"तू देलेलं औषध, पोरी. त्याले नापास कसं होऊ देऊ?"

मला हसावं की रडावं कळेना. "अन् उद्या हाच डोस घेऊन दुसऱ्याची बोटं अशीच गेली तर?"

गुरुजींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी तुले कॉपी पुरवून राह्यलो होतो."

त्यानंतर मला कागद पुरेना. मुंग्या, दुखरा जबडा, आठ दिवसांचं तुंबलेलं पोट, सगळं त्यांनी सांगितलं. दवाखान्याचं वरण पातळ असतं, हेही लिहायला लावलं.

डोस उतरवला. गुरुजी काही महिने घरी राहून आले, पण आजार उलटला आणि ते गेले. त्यांच्या नोंदींमुळे पुढच्या रुग्णांना आम्ही नव्या जोडीतली ती मुंग्या आणणारी सुई बेतानं दिली.

त्यांच्या कागदावर एक रकाना उरला होता: औषधाचा गुण टिकला का? सहकारी म्हणाला, "मी भरतो." मी कागद सोडला नाही. रडत रडत 'नाही' लिहिलं.