कुडतरकर सरांचं ‘नाही’

कुडतरकर सर तापाच्या रुग्णाची नाडी नंतर बघत, आधी त्याचे कान उलटे करत. कानामागे, काखेत, करगोट्याखाली गोचीड शोधत. परळच्या आमच्या हॉस्पिटलात लोक त्यांना हसायचे. नवी डॉक्टर म्हणून मीही पहिल्या दिवशी हसले आणि चांगली बोलणी खाल्ली. “ताप इथे दिसतो गं, लागलेला असतो भलतीकडे. आधी गाव विचार,” म्हणाले.

गिरणगावातली कितीतरी माणसं काजूच्या दिवसांत कोकणात जाऊन येतात. डेंगी म्हणून दाखल झालेल्या अशाच एकाचा माकडताप सरांनी ओळखला होता. जंगलात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी माणसाला चावतात, त्यातून येणारा हा ताप. गोचीड चावून गळून पडते. मग माणसाच्या शब्दाशिवाय आमच्या हाती काही उरत नाही. घरच्यांसमोर माणूस खरं सांगत नाही, म्हणून त्यांना बाहेर काढूनच विचारायचं, हा सरांचा नियम.

सर आणि माझे बाबा एकाच गावचे, काजूच्या बागा शेजारी-शेजारी. यंदा तिथे माकडं मरायला लागली तेव्हा सर आमच्या लालबागच्या घरी आले आणि बाबांना गावी न जाण्याची शपथच घातली. बाबा गेले नाहीत. काजू मातीत गळणार, या विचाराने त्यांचं जेवण सुटलं.

चैत्रात सरांनाच ताप भरला. मी सरांच्या बायकोला, काकूंना, बाहेर पाठवलं, कान पाहिले, विचारलं, “सर, गावी गेला होतात?” माझ्याकडे बघून ते “नाही” म्हणाले. तपासण्या डेंगीशी जुळेनात, तरी मी त्यांच्या शब्दावर विसंबले. त्यांच्यावर नाही तर कुणावर विसंबायचं?

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा म्हणाले, “बागेत जावन इलंय गो. तुका सांगूक लाज वाटली. तुझ्या बापाशीक सांगू नको.”

या तापावर नेमकं औषध नाही. पण आधी कळलं असतं तर निदान झुंजता आलं असतं. तेवढंही त्यांनी मला करू दिलं नाही. ज्यांनी विचारायला शिकवलं, तेच तोंडावर खोटं बोलले. ते आठवलं की माझा आजही संताप होतो.

सर गेले त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगून टाकलं. सांगू नको म्हणे! बाबा शिव्या देतील असं वाटलं होतं, मला त्या ऐकायच्याच होत्या.  त्यांनी हळूच विचारलं, “काजी लागल्यो हत काय?”

मला ठाऊक नव्हतं. यंदा झाडांना काजू लागले होते का, ते एकट्या सरांनीच पाहिलं होतं.