अंगणातले फागूजी

उपकेंद्रात नर्स असलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही. सर्दीसारखे ते एकामागून एक लागत येतात! आमचं उपकेंद्र गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. थंडी पडली की अख्खं गाव नाक पुसत आमच्या दारात. त्यात सर्वांत पुढे फागूजी, समोरच्याच घरातले म्हातारे शेतकरी. त्यांचे किस्से सांगताना हल्ली माझा आवाज मध्येच बसतो, तेवढं सांभाळून घ्या.

*

फागूजींना शिंक आली की सुई पाहिजे! एकदा मी ठणकावून सांगितलं, "बाबाजी, साध्या सर्दीला सुई नसते. आराम करा, कोमट पाणी प्या, आपोआप जाते."

"आपोआप जाते?"

"हो."

"मंग सरकार तुले पगार कायले देऊन राहिलं वो बाई?"

आमची आशा कार्यकर्ती कौसल्या हसून हसून खालीच बसली. फागूजी मात्र सुई न घेता गेले आणि बरे झाल्यावर "तू खरी बोलली" म्हणून सांगायलाही आले.

*

एकदा डॉक्टरांनी त्यांना छातीच्या कफासाठी अँटिबायोटिक दिलं. पूर्ण कोर्स करायचा, असं मी बजावलं होतं. नंतर त्यांच्या बायकोला, सेवंताबाईला विचारलं तर अर्ध्या गोळ्या गायब.

"वाटल्या ना!" ती म्हणाली. "आजूबाजूचे शिंकून राहिले होते."

"अहो, औषध असं वाटतात का?"

"घरी लाडू असले त एकटं खाते का मानूस?"

कपाळ माझं!

*

मग एका थंडीत फ्लूची साथ आली. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की सारं गाव खाटेभोवती बसतं. कौसल्यानं घरोघरी सांगितलं, हात धुवा, खोकताना तोंड झाका, पेशंटजवळ बसू नका.

फागूजी म्हणाले, "मंग बिमार मानसाले कसं समजावं, का आपले मानसं हायेत म्हनून?"

कौसल्या म्हणाली, "अंगणातून हाक मारा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून गावभर अंगणाअंगणातून आरोळ्या. "बरा हायेस का गा?" आणि आतून खोकत खोकत उत्तर, "हाव बापा, हाव!"

*

त्याच साथीत फागूजींच्या सुनेला मुलगा झाला. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावरचं पोर ते! गावभर जिलेबी वाटायचं ठरलं होतं, आणि नेमका फागूजींना ताप भरला. मी सांगितलं, तान्ह्या बाळाला फ्लू फार वाईट, ताप-खोकला जाईपर्यंत जवळ जायचं नाही.

त्यांनी स्वतःच खाट उचलली आणि अंगणातल्या भाताच्या तणसाच्या मांडवाखाली टाकली. "खोकला गेल्याबिगर मी आत येत नाही," म्हणाले. सकाळ झाली की तिथूनच हाक, "बरा हायेस का गा, नातवा?"

आतून सून बाळाच्या वतीनं ओरडायची, "हाव आजा, हाव!"

मी उपकेंद्राच्या दारातून ऐकत उभी राहायचे. इतकं गोड मी नोकरीत दुसरं काही ऐकलं नाही.

*

एका सकाळी हाक आली नाही. कौसल्याला घेऊन जाऊन पाहिलं तर फागूजींना धाप लागलेली, ओठ काळेनिळे. मी म्हटलं, "गोंदियाला चला, आत्ताच."

"तूच म्हनत होती ना, आपोआप जाते."

"दम लागला तर धावत या, हेपन सांगितलं होतं ना बाबाजी!" कौसल्या रडकुंडीला आली होती.

"ते आयकाच्या आधीच मी घरी गेलो असीन," असं म्हणून ते हसले. त्या हसण्यानंच खोकल्याची उबळ आली.

अँब्युलन्स आली. सून बाळाला घेऊन दारात आली. निदान एकदा तरी बघून घ्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. फागूजींनी हातानं तोंड दाबलं आणि मान फिरवली. "आत ने त्याले! वारा लागते माह्या खोकल्याचा!"

गोंदियाहून ते परत आले नाहीत. मी पुष्कळ रडले, कौसल्याही रडली. त्या दिवशी उपकेंद्रात औषध मागायलाही कोणी आलं नाही.

*

तेरवीला आम्ही दोघी गेलो. पाहुणे सारे घरात, आणि हार घातलेला फोटो मात्र अंगणात, मांडवाखालच्या खाटेवर. गडबडीत राहिला असेल म्हणून मी उचलून आत नेऊ लागले, तशी सेवंताबाई आडवी आली.

"राहू दे बाई तिथंच. पोरगं जरा मोठं होऊ दे, मंग मीच आनीन त्याहीले घरात."