चंडोल, मुंगूस आणि शेंदराचा दगड

उन्हाळी सुट्टीत बेंबळीला माहेरी आले, तेव्हा माझ्या नववीच्या वर्गासाठी एक तक्ता करायला घेतला होता. चंडोल आणि मुंगूस. चंडोल पक्षी वर्गातला, गाणाऱ्या पाखरांच्या गणातला. मुंगूस सस्तन, मांसभक्षी गणातलं. शेवटच्या रकान्यात दोघांची संवर्धन स्थिती एकच: सध्या चिंता नाही. ते लिहिताना मला मात्र काही केल्या एका जागी बसवत नव्हतं. आमच्या बांधावर, गवताच्या बुडाशी, चंडोलाच्या घरट्यात तीन पिल्लं होती, आणि शेजारचे भाऊबंद पेरणीआधी बांध पेटवणार होते. चहा तसाच गार व्हायचा आणि मी पुन्हा बांधाकडे निघायचे.

"अण्णा, त्यांना सांगा ना तुम्ही," मी वडिलांच्या मागं लागले.

"पाखरापायी कोण ऐकायलंय? थांब, देवच बसवतो."

त्यांनी घरट्याशेजारच्या दगडाला शेंदूर फासला आणि आईला सांगू नको म्हणाले. देवाच्या नावानं असली लबाडी तिला खपली नसती.

शेंदूर लागू पडला. भाऊबंदांनी बांध पेटवला, पण दगडापासून चांगलं लांबवर गवत सोडून. माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी सकाळी आई शेतातून हसतच आली. "आपल्या बांधावर देव निघालाय गं! गवतात पार बुडाला होता. म्या सगळं खुरपून काढलं, त्याला धुतलं, दहीभाताचा निवद ठेवला. आन् निवद खायला मुंगूस आलं! तोंड दिसलं त्याचं. लई शुभ."

मी धावत सुटले, वडील मागोमाग. दगडाभोवतीची जमीन अंगणासारखी स्वच्छ झाली होती. घरटं उघडं होतं, रिकामं. मला आईचा राग आला, वडिलांचा आला, मुंगसाचा मात्र येईना. त्याला भूक लागली होती.

"सांगा आता तिला," मी वडिलांना म्हणाले.

तेवढ्यात चंडोल उतरला. चोचीत टोळ होता. दगडाला वळसा घालून तो घरट्याशी आला, थांबला, पुन्हा वळसा घालायला लागला. टोळ काही सोडेना.

आई आमच्या मागं येऊन पोचली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बघ गं," ती हळूच म्हणाली, "पाखरू बी देवाला फेऱ्या घालायलंय."